चौऱ्याहत्तर-ऐंशी

माझ्या मामाचा जन्म १९५१चा आणि त्याच्या विमानाचा १९७५चा. म्हणजे विमान मामीपेक्षा बरंच लहान आणि माझ्या मामेबहिणीपेक्षा थोडं मोठं. घरच्या वंशावळीत नेमकं कुठे बसवावं असा प्रश्न पडावा अशा वयाचं. ओहायोतल्या ज्या छोट्या विमानतळावर ते असतं, तिथे मक्याची शेतं पार धावपट्टीच्या काठापर्यंत येतात आणि वारा सुटला की मिरवणूक बघायला जमलेल्या गर्दीसारखी टाचा उंचावतात. त्या काठावर मामा आणि विमान शेजारी शेजारी उभे राहिले की कोण कोणाला घेऊन निघालंय हे चटकन कळत नाही. विमान सेसना १७२. पंख डोक्यावर, जागा चार, इंजिन एक. जगात आजवर सगळ्यात जास्त बनलेलं विमान हेच. १९५६पासून ४४ हजारांहून अधिक. त्यामुळे त्यात मिरवण्यासारखं काही नाही, आणि मामा मिरवतही नाही. शनिवारी सकाळी उडतो, शेजारच्या कौंटीत उतरून कॉफी पितो, परत येतो. ही कॉफी त्याला कितीला पडते याचा हिशेब मामीनं एकदा मांडला होता. ती बँकेतून निवृत्त झालेली, तेव्हा हिशेब चोख होता. मग संसार टिकावा म्हणून तिनंच तो कागद फाडून टाकला.

मामीच्या स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या खणात, डाळींच्या बरण्यांना टेकून दोन जाड फायली उभ्या असतात. एकीवर तिच्या टपोऱ्या अक्षरात ‘हे’ लिहिलंय आणि दुसरीवर ‘ते’. ‘हे’मध्ये मामाचे कागद : रक्त, लघवी, हृदयाचा आलेख, चष्म्याचा नंबर. ‘ते’मध्ये विमानाचे. मी तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा एका दुपारी मामी हातात एक चिठोरं घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, मागच्या अंगणाकडे धावत निघाली. चिठोऱ्यावर ७४/८० असा आकडा. मामीच्या माहेरी रक्तदाब पिढीजात, त्यामुळे असल्या आकड्यांचा तिला धसका आहे. “वरचं चौऱ्याहत्तर! आणि हे खुशाल गवत कापतायत!” मामानं यंत्र थांबवलं, कागद लांब धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, “अगं, हा तिसरा सिलिंडर.” मामी आत आली. कागद योग्य त्या फायलीत लावताना स्वतःशीच पुटपुटली, “यांच्या बाबतीत इतकं स्पष्ट कधी कोणी लिहून देत नाही.”

तिचं खरं आहे. विमानाची दर वर्षी नखशिखान्त तपासणी करून घ्यावी लागते, तसा कायदाच आहे. मेकॅनिक प्रत्येक सिलिंडरमध्ये ८०च्या दाबानं हवा सोडतो आणि त्यातली आत किती टिकून राहते ते मोजतो. ८०पैकी ७४ म्हणजे पहिला वर्ग. स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सरकवून झडपा बघतात. इंजिनाचं तेल बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवतात आणि तिथून लोह इतकं, तांबं इतकं असा छापील अहवाल येतो. ‘ते’मधलं लोह कमी आलं त्या दिवशी मामानं जेवणात गोड मागितलं. त्याच महिन्यात मामीचं लोह कमी आलं, तर तिला गोळ्या सुरू झाल्या. एकाच घरात, एकाच आकड्याचे असे दोन अर्थ नांदतात.

पण खरी तफावत पुढेच आहे. या इंजिनासाठी बनवणाऱ्यांनी २००० तासांची मर्यादा सुचवलेली आहे. तेवढे तास भरत आले की इंजिन उतरवतात, सुटं करतात, झिजलेलं बदलतात, पुन्हा जोडतात, आणि मग विमानाच्या वहीत एक फार देखणी नोंद होते : ओव्हरहॉलनंतरचे तास, शून्य. जुनं विमान घ्यायला आलेला माणूस त्याचं जन्मसाल विचारण्याआधी ओव्हरहॉल कधी झालं ते विचारतो. जितकं अलीकडचं, तितका भाव चढा. मामाचं ओव्हरहॉल २०१२ साली झालं. हृदयाच्या एका वाहिनीत अडथळा निघाला, तिथे स्टेंट बसला, आणि चार दिवसांत स्वारी घरी. डॉक्टर म्हणाले, आता पूर्वीपेक्षा उत्तम चाललंय. विमानाच्या न्यायानं मामाचा भाव तिथून चढायला हवा होता. झालं उलटंच. ती वाहिनी आतल्या आत गुपचूप बुजत होती तोवर मामा कागदोपत्री ठणठणीत वैमानिक होता. ती मोकळी झाली त्या दिवशी त्याचं मेडिकल, म्हणजे उडायला लागणारं वैद्यकीय सर्टिफिकेट, गेलं. मग ट्रेडमिलवर पळणं आलं, आलेख आले, हृदयतज्ज्ञांची पत्रं आली, आणि ते सगळं बाड ओक्लाहोमा सिटीला गेलं. एफएए म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं. त्याचं वैद्यकीय दप्तर तिथे आहे. बऱ्याच महिन्यांनी ‘खास बाब म्हणून’ परवानगी आली, मुदतीची, ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा सिद्ध करायची. त्या काळात विमान हँगरमध्ये उभं होतं. मामा शनिवारी जाऊन त्याचा प्रॉपेलर पुसून यायचा. जो धडधाकट होता तो उभा, आणि ज्याला उभं केलं होतं तो पुसतोय.

विमानांच्या वयाबद्दल अमेरिकेत आणखी एक कायदा आहे, तो मला फारच आवडतो. एके काळी जुन्या छोट्या विमानांचे अपघात झाले की लोक थेट कारखान्यावर दावा लावत. विमान वीस-तीस वर्षांचं असलं तरी दोष जन्मदात्याचा. नुकसानभरपाया आणि विम्याचे हप्ते इतके वाढले की सेसना कंपनीनं १९८६मध्ये एका इंजिनाची ही छोटी विमानं बनवणंच थांबवलं. शेवटी १९९४ साली कायदा झाला, क्लिंटन यांनी त्यावर सही केली : विमान १८ वर्षांचं झालं की एरवी त्याच्या बनावटीच्या दोषासाठी कारखान्यावर दावा लावता येणार नाही. १८! म्हणजे विमान सज्ञान झालं, आता त्याचं त्यानं बघावं. सेसनानं १९९६मध्ये कॅन्ससमध्ये नवा कारखाना काढून पुन्हा १७२ बनवायला घेतलं. या कायद्यात एक बारीक पोटकलम आहे : जुन्या विमानात नवा भाग बसवला, तर त्या भागाची १८ वर्षं त्या दिवसापासून मोजायची. मामाच्या विमानाचं अंग १९७५चं, चाकाचे ब्रेक २०१९चे आणि एक पंप परवाचा. कुटुंब एकत्र, पण अर्धी मंडळी अजून अज्ञान.

मामाच्या मेडिकलकडे वळते. हौशी वैमानिकाला लागतं ते तिसऱ्या वर्गाचं. नाव ऐकून रेल्वेचा डबा आठवतो, पण चाळिशीच्या आत ते पाच वर्षं टिकतं आणि नंतर दोनच. ते देणारे डॉक्टर एफएएनं नेमलेले असतात. मामाचे डॉक्टर स्वतः उडणारे, भिंतीवर विमानांची चित्रं, बाकावर विमानांची मासिकं. ऐकू येतं की नाही हे तपासण्याची पद्धत इतकी जुनी आणि साधी आहे की ती कायद्यात अजून टिकलीय याचंच मला कौतुक वाटतं. शांत खोलीत, डॉक्टरांकडे पाठ करून, सहा फुटांवर उभं राहायचं. डॉक्टर नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलणार, ते ऐकू आलं पाहिजे. एकदा डॉक्टर पाठीमागून म्हणाले, “आज वारा कसा आहे?” खरं तर वाक्य नुसतं परत म्हणून दाखवायचं होतं. मामानं भिंतीकडे तोंड करूनच उत्तर दिलं, “दोनशे चाळीसवरून, आठ नॉट, अधूनमधून झोत.” डॉक्टरांनी ‘पास’ लिहिलं आणि खिडकीबाहेर बघून खात्री करून घेतली.

या तपासणीआधी भरायचा जो फॉर्म असतो, त्यात एक प्रश्न असा सुरू होतो : तुम्हाला आयुष्यात कधीही पुढीलपैकी काही झालं आहे का? आयुष्यात कधीही. मग यादी : डोकेदुखी, चक्कर, दमा, हृदय, पोट, आणि त्यातच ‘औषध घ्यावं लागण्याइतका प्रवासाचा त्रास’. इतकी वर्षं मामा ‘नाही’वर खूण करत आला होता. पण स्टेंटनंतर ओक्लाहोमा सिटीची अशी जरब बसली की तो त्या ओळीवर अडला. रात्री पुण्याला आमच्या घरी फोन आला. “ताई, मला गाडी लागायची का गं?”

लागायची म्हणजे काय! आई सांगते, मे महिन्यात कोकणात जाताना कशेडी घाट सुरू झाला की एसटीतली माणसं मामाच्या पुढची बाकं रिकामी करत. खिडकीपाशी आजी, तिच्या मांडीवर मामाचं डोकं, आणि तिच्या पिशवीत कागदाच्या पुड्यात आलेपाक. वळण आलं की एक वडी. मामा फोनवर गंभीर : “आलेपाक औषध धरायचं की खाऊ?” आई म्हणाली, “तू मागायचास तेव्हा खाऊ, आणि आई द्यायची तेव्हा औषध.” मामानं दोन्ही बाजू नोंदवून घेतल्या. तपासणीला जाताना मामीकडची आलेपाकाची वडी डबीत घालून घेऊन गेला आणि सगळी हकीकत डॉक्टरांपुढे मांडली. डॉक्टरांनी वडी खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, दुसरी मागितली आणि फॉर्मवर काहीच लिहिलं नाही. सरकारी कागदावर आजीची नोंद होण्याची एकमेव संधी अशी हुकली.

गाडी लागणारा मुलगा वैमानिक कसा झाला, याचं उत्तर पार्ल्याच्या हवेत आहे. जुहूचा विमानतळ १९२८चा, बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच सालचा, आणि पार्ल्याच्या माझ्या आजोळच्या गच्चीवरून ती हलकी विमानं अगदी ओळखीची असल्यासारखी जात. देशातलं पहिल्या क्रमांकाचं वैमानिकाचं लायसन्स जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालं ते याच शहरात, आणि १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन ते उतरले तेही जुहूलाच. पन्नास वर्षांनी, १९८२मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी तसल्याच एका जुन्या विमानातून एकट्यानं तोच प्रवास पुन्हा केला. आईनं वर्तमानपत्रातलं ते कात्रण पाकिटात घालून ओहायोला पाठवलं. दोन वर्षांनी मामाकडे लायसन्स होतं. मध्ये काय घडलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. कात्रण मात्र मामीनं ‘हे’मध्ये लावलंय, कोलेस्टेरॉल आणि मूत्रपिंडाच्या मधोमध, आणि तिथे ते चुकून लागलं असावं असं मला वाटत नाही.

मेडिकलच्या नियमांत इतक्या गमती आहेत की त्या करणाऱ्यांपैकी एखादा तरी मिश्किल असणार. विनाइंजिनाचं ग्लायडर उडवायचं असेल तर मेडिकलचं सर्टिफिकेट लागतच नाही. इंजिन बंद पडलेलं विमान खाली आणायला माणूस किती धडधाकट हवा यावर केवढा खल, आणि मुळातच इंजिन नसलेल्यासाठी काही नाही! २००४पासून सगळ्यात हलक्या विमानांना तर मोटारीचं लायसन्स पुरतं. मात्र अट अशी : तुम्ही शेवटचा जो मेडिकलचा अर्ज केला असेल, तो नाकारलेला नसावा. ज्यानं कधी अर्जच केला नाही, किंवा मुदत संपू दिली आणि गप्प बसला, तो उडायला मोकळा. ज्यानं प्रामाणिकपणे जाऊन विचारलं आणि नकार ऐकला, तो जमिनीवर. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे अमेरिकेच्या हवाई कायद्यानं इतकं मनावर घेतलेलं पाहून ऊर भरून येतो. त्यांच्याकडचे म्हातारे वैमानिक एकमेकांना हाच कानमंत्र देतात : शंका असेल तर अर्ज करू नकोस.

२०१७च्या १ मेपासून हे थोडं माणसाळलं. बेसिकमेड नावाची सोय आली. २००६च्या जुलैच्या मध्यानंतर कधीतरी एकदा मेडिकल मिळालेलं असलं, हृदयाचं काही झालेलं असल्यास ती ‘खास बाब’ एकदा पार पाडलेली असली, की पुढे ओक्लाहोमा सिटीला जायला नको. दर चार वर्षांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडून एक यादी तपासून घ्यायची आणि दर दोन वर्षांनी संगणकावर एक अभ्यासक्रम पुरा करायचा. बस. फक्त ते नेहमीचे डॉक्टर बावचळतात. मामाच्या डॉक्टरीणबाई दहा-बारा वर्षं त्याच्या गुडघ्याला आणि सर्दीला ओळखत होत्या. त्यांनी यादी टाळूपासून सुरू करून पायापर्यंत आणली, सहीच्या जागेवर पेन टेकवलं आणि थांबल्या. या माणसाच्या विमान चालवण्याच्या आड येईल असं काही माझ्या माहितीत नाही, असं त्यांना लिहून द्यायचं होतं. “तुम्ही उंच जाता का?” त्यांनी विचारलं. नियमाप्रमाणे १८ हजार फुटांपर्यंत जाता येतं. मामा म्हणाला, “तीन हजार. त्याच्या वर मला घरं दिसत नाहीत.” सही झाली.

सरकार इतकं मऊ झालं, तर दुसरीकडून विमा कंपनी पुढे सरसावली. वैमानिक विमा घेतो तो दोन गोष्टींचा : विमान मोडलं तर, आणि विमानानं दुसऱ्याचं काही मोडलं तर. विमानाची किंमत आधीच ठरवून पॉलिसीत लिहितात. १९७५ साली हे विमान नवं कोरं वीस हजार डॉलरांच्या आगेमागे मिळायचं. मामाच्या पॉलिसीत आज त्याची किंमत ९० हजार आहे. पन्नास वर्षं वापरलेल्या वस्तूची ही चढती कमान बघून मामी म्हणते, लग्नात मिळालेला कुकर उगाच मोडीत दिला. शिवाय विमान उभं असताना नुकसान झालं तर आपण सोसायची रक्कम कमी, चालू असताना जास्त. विमान न उडवणं हेच विमान सांभाळण्याचा उत्तम उपाय आहे, हे कंपनीचं मत त्या दोन आकड्यांतून सभ्यपणे व्यक्त होतं.

पण मामीचं खरं लक्ष गेलं ते तिसऱ्या पानावर. दुसऱ्यांच्या नुकसानीसाठी एका अपघातामागे १० लाख डॉलर, मात्र त्यात विमानातल्या प्रवाशासाठी माणशी फार तर १ लाख. छोट्या विमानांच्या पॉलिसीत ही अगदी नेहमीची रचना आहे. मामीनं चष्मा पुसला. “म्हणजे मी अंगणात वाळवण घालत असताना तुमचं विमान माझ्यावर पडलं, तर दहा लाखांपर्यंत. आणि तुमच्या शेजारी बसलेली असताना पडलं, तर एक लाख.”

“तसंच काहीसं,” मामा म्हणाला.

“म्हणजे तुमच्या शेजारी बसण्याचे उणे नऊ लाख.”

मामाजवळ उत्तर नव्हतं. आणि तरीही महिन्यातून एखाद्या शनिवारी मामी पदर खोचून, वर स्वेटर चढवून, त्या उजव्या खुर्चीत बसते. कानांवर मोठाले हेडफोन, मांडीवर थर्मास. खालून जाणाऱ्या घरांमागच्या भाजीच्या वाफ्यांवर तिचं लक्ष असतं; कोणाचे टोमॅटो धरले, कोणाचे जळले, हे तीन हजार फुटांवरून तिला कळतं. एक लाखाच्या जागेवरून दहा लाखांच्या माणसांकडे ती अशी निवांत बघत असते.

गेल्या काही वर्षांत या विम्याचे दिवस कठीण झालेत. २०१९च्या सुमारापासून विमान विमा एकूणच महागला, आणि त्याचा कडेलोट सत्तरी ओलांडलेल्यांवर झाला. अमेरिकेत हौशी वैमानिकाला वयाची वरची मर्यादा कायद्यात नाही. ती विमा कंपन्यांनी, कुठेही न लिहिता, आणून ठेवली. सत्तरीनंतर नवी कंपनी सहसा दारात उभं करत नाही, जुनी कंपनी हप्ता वाढवते, रक्कम कमी करते. सरकार चार वर्षांनी तपासणी मागतं, कंपनी म्हणते दर वर्षी करा. शंभर वेळा मनात आलं तरी यांना दुष्ट म्हणवत नाही. त्यांच्यापुढे मामा नसतो, ७४ हा आकडा असतो.

तरी मला त्यांना विचारावंसं वाटतं की तरुण, निरोगी वैमानिकाचं काय? २८ मे १९८७ रोजी मथियास रुस्त नावाचा जर्मन मुलगा हेलसिंकीहून निघाला आणि सोव्हिएत संघाच्या सगळ्या हवाई संरक्षणातून वाट काढत मॉस्कोत लाल चौकाला लागून उतरला. वय १८, हाताशी जेमतेम पन्नासेक तासांचा अनुभव, आणि विमान भाड्यानं घेतलेलं. तेही सेसना १७२च. मामाच्या पॉलिसीत अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि बहामा इतकाच मुलूख आहे. त्या मुलाच्या क्लबनं आपल्या विमा कंपनीला दुसऱ्या दिवशी काय कळवलं असेल, या कल्पनेनं मी कितीदा तरी एकटीच हसले आहे.

दुसऱ्या टोकाला बॉब हूवर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून निसटून त्यांचंच विमान पळवून आणलेला हा वैमानिक पुढे हवाई कसरतींत असा रमला की, विमान कोलांटी घेत असताना एका हातानं पेल्यात थंड चहा ओतायचा आणि थेंब सांडायचा नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, सत्तरीत, ओक्लाहोमा सिटीतल्या एका प्रदर्शनानंतर एफएएच्या दोन निरीक्षकांना त्याचं कौशल्य ओसरल्यासारखं वाटलं आणि त्याचं मेडिकल काढून घेतलं गेलं. हूवर ऑस्ट्रेलियाला गेला. तिथल्या डॉक्टरांनी तपासून त्याला लायक ठरवलं, आणि तो तिथल्या आकाशात कोलांट्या मारू लागला. एकच माणूस, एकच मेंदू, एका गोलार्धात निकामी आणि दुसऱ्यात उत्तम. खटले चालले, १९९५मध्ये त्याला अमेरिकेतही परवानगी परत मिळाली, आणि तो ९४ वर्षं जगला. चहा सांडला नाही हा वैद्यकीय पुरावा कोणी मानला की नाही, देव जाणे.

मामाच्या घरापासून तासाभरावर डेटन आहे, राइट बंधूंचं गाव. त्यांनी पहिली उड्डाणं केली तेव्हा ना मेडिकल होतं, ना विमा. लंडनच्या लॉइड्सनं विमानाची पहिली पॉलिसी काढली ती १९११मध्ये, आणि पुढच्याच वर्षी नुकसान पाहून हात आखडता घेतला. राइटांच्या घरी मात्र त्याआधीपासून एक अट लागू होती. वडील मिल्टन हे बिशप. दोघा भावांनी एका विमानातून एकत्र उडायचं नाही, असा त्यांचा शब्द होता. एकाला काही झालं तरी दुसरा काम पुढे नेईल. हप्ता नाही, सही नाही, पण इतकी काटेकोर पॉलिसी मला दुसरी माहीत नाही. २५ मे १९१० रोजी डेटनजवळच्या हफमन प्रेअरीच्या माळावर त्यांनी एकदाच ती सैल केली आणि दोघे भाऊ सहाएक मिनिटं एकत्र उडाले. मग ऑर्व्हिलनं वडिलांनाच वर नेलं. वय ८१, पहिलंच उड्डाण. म्हातारा घाबरेल म्हणून ऑर्व्हिल जपून उडवत होता, तर हे कानाशी झुकून सांगतायत की आणखी वर घे, आणखी वर. आणि दोन वर्षांनी थोरला विल्बर गेला तो विषमज्वरानं, अंथरुणावर, ४५व्या वर्षी. वडिलांनी ज्या वाटेवर पहारा बसवला होता, तिकडून काही आलंच नाही.

मामाच्या पॉलिसीवर यंदा नवी अट आहे. दर वर्षी प्रशिक्षकाबरोबर उडून दाखवायचं. ही प्रशिक्षक मुलगी तेवीस वर्षांची. विमान तिच्यापेक्षा वयानं दुप्पट मोठं. ती मामाला दर वाक्यात ‘सर’ म्हणते आणि त्याच आवाजात इंजिन मध्येच मंद करून टाकते, आता कुठे उतरणार दाखवा म्हणून. मामा मुकाट्यानं मक्याच्या शेतातली एखादी हिरवी पट्टी दाखवतो. उतरल्यावर ती त्याच्या वहीत सही करते आणि मामी तिला बटाटेवडे बांधून देते. यात लाचलुचपतीचा भाग किती, हे मी मामीला विचारलेलं नाही.

नूतनीकरणाचा फोन मी तिथे असतानाच आला. ब्रोकरबाई गोड बोलणाऱ्या, घाईत नसलेल्या. तपासणी झाली का, मागच्या वर्षात किती तास उडालात, दावा काही आहे का, अशी सगळी विचारपूस झाली. मग त्या जरा घुटमळल्या. कंपन्या आजकाल विचारतात म्हणून विचारते, म्हणाल्या, आणखी किती वर्षं उडायचा विचार आहे? मामानं न बोलता हात पुढे केला. मामीनं खणातून फाइल काढून दिली, ‘ते’ लिहिलेली.

“इंजिनाचे अकराशे तास शिल्लक आहेत,” मामा म्हणाला.

पलीकडून आकडेमोड ऐकू आली. वर्षाला पन्नास तास धरले तर बावीस वर्षं. चौऱ्याहत्तर अधिक बावीस. ब्रोकरबाई म्हणाल्या, “मी इथे ‘सध्या ठरलेलं नाही’ असं लिहिते.”

“त्यांना सांगा,” मामी मध्येच म्हणाली, “तोवर परत एकदा ओव्हरहॉल करून घेऊ.”

मामानं तसं सांगितलं. फोनवर क्षणभर काहीच आवाज आला नाही, मग बाईंनी अदबीनं विचारलं, “विमानाचंच ना?”